ब्लॉकच्या पहिल्या पानापर्यंत : फ्रेंच शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

प्रकल्पाचं काम आजपासून सुरू. मार्गदर्शक सरांनी विषय मंजूर केला. फ्रेंच अगदी शून्यापासून शिकायची, एका सत्रात काय जमतं आणि काय अडतं ते लिहून ठेवायचं. सत्राच्या शेवटी झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीवरच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचायचं. शब्दकोश चालेल, भाषांतर नाही.

ब्लॉक (१८८०–१९५३) हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. मराठी भाषा कशी घडली यावरचं त्यांचं पुस्तक १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. एम. ए.ला आल्यापासून प्रत्येक टिपणात हे नाव भेटतं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचं मराठी भाषांतर १९४१ मध्ये केलं आहे, म्हणून सरांनी साहजिकच विचारलं, "मग फ्रेंच कशाला?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देते. माझ्या भाषेवर एका माणसाने इतकं खोल काम केलं आणि मला त्या पुस्तकाचं नावसुद्धा वाचता येत नाही, ही गोष्ट मला दोन वर्षं टोचते आहे.

आजची पातळी: 'बाँझूर' आणि 'मेर्सी'. तेही सिनेमातून ऐकलेले.

१० जुलै, बुधवार

पहिला तास. वर्गाचं नाव 'संपूर्ण नवशिक्यांसाठी', पण मॅडमनी ओळख करून द्यायला सांगितलं तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं उठून घडाघडा बोलली. पुण्यातल्या बऱ्याच शाळांत आठवीपासून फ्रेंच घेता येतं. तीन वर्षं शिकलेली मुलं नवशिक्यांच्या वर्गात बसली की वर्गाचा वेग त्यांचाच होतो. आम्ही खरोखर नवीन अशा सात जणी मागच्या दोन बाकांवर होतो, आणि आमच्यापर्यंत प्रश्न आलाच नाही. मला हे बरोबर वाटत नाही. प्रवेशाच्या वेळी एक साधा प्रश्न विचारला असता, "आधी शिकला आहात का?", तर दोन तुकड्या करता आल्या असत्या.

दुसरी अडचण म्हणजे सगळं इंग्रजीतून समजावतात. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होते. मॅडम फ्रेंच वाक्य सांगतात, त्याचं इंग्रजी सांगतात, मग मी मनात त्याचं मराठी करते, तोवर पुढचं वाक्य आलेलं असतं.

वहीत आजपासून तीन रकाने: फ्रेंच, मराठीतला जोडीदार, 'जोडीदार नाही'. इंग्रजीला रकाना ठेवलेला नाही.

१५ जुलै, सोमवार

उच्चार. मॅडम म्हणाल्या, देवनागरीत लिहू नका, सवय बिघडेल. मी लिहिते आहे, आणि त्याचं कारणही लिहून ठेवते. रोमन अक्षर दिसलं की डोकं आपोआप इंग्रजी उच्चार करतं. देवनागरीत जे कानाला ऐकू आलं तेवढंच लिहावं लागतं. आणि जिथे लिहिता येत नाही, तिथे लगेच कळतं की हा आवाज आपल्याकडे नाही.

आज असे तीन सापडले. पहिला 'त्यू' (तू) मधला स्वर. त्याला ऊ म्हणावं तर तो 'तू' होतो, आणि फ्रेंचमध्ये 'तू' म्हणजे 'सगळं'. ओठ ऊचे ठेवायचे आणि जीभ ईची ठेवायची. रूमवर आरशासमोर पंधरा मिनिटं केलं. आधी लांब ई म्हणत राहायचं, मग जीभ न हलवता फक्त ओठ पुढे काढायचे. येतो. पण वाक्यात आला की निसटतो.

दुसरा र. तो घशात पडजिभेपाशी घासून येतो. उर्दू ग़ज़ल ऐकणाऱ्यांना ग़ालिबचा ग़ माहीत असतो, त्याच्या अगदी जवळचा आवाज आहे.

तिसरे नाकातले स्वर. 'अँ बों व्हँ ब्लाँ' म्हणजे एक चांगली पांढरी वाइन. चार शब्द आणि चारही नाकात, पण चारांत फरक. आपण 'आंबा' म्हणतो तेव्हा मध्ये म येतो, ओठ मिटतात. इथे ओठ मिटायचेच नाहीत. कोकणातली रूममेट म्हणाली, "आमच्याकडे असं नाकात बोलतातच की." तिच्याकडून म्हणून घेतलं, आणि माझ्यापेक्षा तिचं पहिल्याच फटक्यात चांगलं आलं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी. ३० शब्द पाठ, १२ टिकले.

२४ जुलै, बुधवार

आज अंक. एकोणसत्तरपर्यंत सरळ आहे. सत्तरला 'स्वासाँत-दीस', म्हणजे साठ-दहा. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे चार-वीस. सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हँ-दी-सेत', चार-वीस-सतरा. वर्गात हशा पिकला. कोणी म्हणालं, ही काय मोजायची रीत झाली!

मला हसू आलं नाही. माझी आजी अशीच मोजते.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. आजी शाळेत गेलेली नाही. गोवऱ्या रचताना ती वीस मोजायची आणि बाजूला एक खडा ठेवायची. "एक ईस." पुन्हा वीस, पुन्हा खडा. चार खडे झाले की "चार ईसा", आणि वर उरलेल्या तीन असल्या तर "चार ईसा न् तीन". शंभर हा शब्द तिला येतो, पण हाताखालचं मोजताना ती कधी वापरत नाही. लहानपणी मी शाळेतून शिकून यायचे आणि तिला सुधारायचे, "आजी, त्र्याऐंशी म्हण." ती म्हणायची, "तुझं तू म्हण, माझं मला मोजू दे."

मॅडमना तासानंतर हे सांगितलं. त्या थांबल्या, आणि पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. म्हणाल्या, जुन्या फ्रेंचमध्ये तर याहून पुढे मोजायचे. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने अंधांसाठी उभारलेलं एक रुग्णालय आहे, त्याचं नाव 'काँझ-व्हँ', पंधरा-वीस. तीनशे अंधांसाठी होतं म्हणून. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला आणि नव्वदला 'सेप्ताँत', 'नोनाँत' असे सुटे शब्द आहेत, फ्रान्सने मात्र विसाचीच रीत धरून ठेवली.

पंधरा ईसा. आजीने ऐकलं तर तिला क्षणात तीनशे कळतील. मला मात्र गुणाकार करावा लागला.

रात्री फोन केला. "तिकडं बी ईसा म्हणत्यात व्हय?" एवढंच म्हणाली, आणि मग भरून पावल्यासारखी गप्प बसली. तिचं मोजणं अडाणीपणाचं आहे असं आम्ही नातवंडांनीच तिला पटवून दिलं होतं. मला आज त्याचं फार वाईट वाटलं.

अंकांचा रकाना: सत्तर ते नव्व्याण्णव, जोडीदार 'आजी'.

१ ऑगस्ट, गुरुवार

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक आज, बहात्तर वर्षांनी. मेसमध्ये सगळ्या पोरी मोबाइलवर वाकलेल्या होत्या.

ऑलिम्पिकमध्ये घोषणा आधी फ्रेंचमध्ये होते, मग इंग्रजीत. पदक देतानाचा व्हिडिओ सहा वेळा ऐकला. 'मेदाय द ब्रोंझ' स्वच्छ कळलं. हे मला वर्गाबाहेर, कुणी न सांगता कळलेलं पहिलं फ्रेंच. ते आपल्या माणसासाठी उच्चारलेलं होतं याचा आनंद वेगळाच.

स्पर्धा झाली त्या गावाचं नाव नकाशावर शोधलं. उच्चार 'शातोरू'. 'शातो' म्हणजे किल्ला, आणि नाव पडलं राऊलच्या किल्ल्यावरून. ई-ए-यू अशी तीन अक्षरं मिळून नुसता 'ओ', आणि शेवटचा एक्स मुका. आपल्याकडे प्रतापगड, तिकडे राऊलगड, असं लक्षात ठेवलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

लिंग. खुर्ची स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, यावर वर्गातल्या मुलांनी अर्धा तास वाद घातला. इंग्रजीतून विचार केला की हा प्रश्न पडतो. मराठी माणसाला तो पडायचं कारण नाही. आपण 'ती खुर्ची', 'तो टाक', 'ते टेबल' म्हणतो, आणि कोणी कारण विचारत नाही.

खरी गंमत तिसऱ्या लिंगाची आहे. लॅटिनमध्ये तीन लिंगं होती. फ्रेंचने नपुंसकलिंग सोडलं, ते शब्द बहुतेक पुल्लिंगात गेले. संस्कृतातही तीन. हिंदीने तिसरं सोडलं, आणि मराठी, गुजराती, कोकणीने ठेवलं. म्हणजे फ्रेंचच्या बाबतीत जे घडलं ते शेजारच्या हिंदीच्याही बाबतीत घडलं, आणि आपण मात्र जुनं घर राखून बसलो. फ्रेंच शिकताना मराठीविषयी हे असं काहीतरी हाती लागतं, म्हणून तर हा प्रकल्प.

जुळणारे: सूर्य पुल्लिंगी, इथेही तिथेही. भाषा स्त्रीलिंगी, जीभही स्त्रीलिंगी. आणि फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द, 'लाँग'.
न जुळणारे: चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, 'ला ल्यून'. टेबल तिकडे स्त्रीलिंगी.

'जोडीदार नाही' या रकान्यात आजची मोठी भर म्हणजे नामाआधीची उपपदं. ल, ला, ले, अँ, यून, दे, द्यू. मराठीत हा प्रकारच नाही. नुसतं 'पाव खाते' म्हणायचं तरी 'झ माँझ द्यू पँ', म्हणजे 'पावातला काही भाग' अशा अर्थाचं लावावं लागतं. हे रोज विसरते आहे. पाठांतराखेरीज उपाय दिसत नाही.

(पाव शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, आणि पोर्तुगीज व फ्रेंच दोघीही लॅटिनच्या लेकी. म्हणून पाव आणि 'पँ' सख्खे मावसभाऊ. नाताळ आणि 'नोएल' यांचंही तेच. अननस तर तिकडेही 'आनानास'च.)

२२ ऑगस्ट, गुरुवार

पहिली चाचणी. २५ पैकी ११. तोंडी ठीक, समजून घेणं ठीक. 'दिक्ते'मध्ये, म्हणजे श्रुतलेखनात, सगळं गेलं. ऐकू येतं ते लिहिलं. ऐकू न येणारी अक्षरं राहिली.

४ सप्टेंबर, बुधवार

मुक्या अक्षरांवर बारा दिवस घालवले. 'मी बोलते', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' या तिन्हींचं क्रियापद ऐकायला 'पार्ल'च, पण लिहायला तीन तऱ्हा. 'ते'च्या रूपाला शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लागतात आणि तिन्ही गप्प. आपल्याकडे बोलतो, बोलतोस, बोलतात यांत कर्ता कानालाच कळतो, म्हणून आपण 'मी', 'तू' गाळून बोलू शकतो. फ्रेंच माणसाला ते गाळता येत नाहीत.

मग आज ग्रंथालयात एक जुनं मराठी पुस्तक चाळत होते, शंभरेक वर्षांपूर्वीचं. 'तें घर', 'नाहीं', 'मीं केलें', 'त्यांनीं'. पानभर शेवटच्या अक्षरांवर अनुस्वार, आणि आज त्यातला एकही आपण उच्चारत नाही. १९६२च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. आईच्या पिढीला ते लिहावेच लागले नाहीत. पण ते अनुस्वार उगाच नव्हते. 'तें'वरचा बिंदू सांगायचा की हे नपुंसकलिंग आहे, जुन्या काळी इथे नाकातला आवाज होता. आवाज गेला, खूण राहिली.

फ्रेंचची मुकी अक्षरं अशीच आहेत. सातला 'सेत' म्हणतात, पण लिहिताना मध्ये पी लिहितात, कारण लॅटिनमध्ये 'सेप्तेम' होतं. आपलं 'सप्त' तसंच 'सात' झालं. दोघांनीही प गिळला. आपण लिहिण्यातूनही काढला, त्यांनी कागदावर परत आणला.

हे कळल्यावर मुक्या अक्षरांचा राग गेला. आता एखादं मुकं अक्षर दिसलं की ते पूर्वी कुणाचा आवाज होतं ते शोधावंसं वाटतं. श्रुतलेखनाचा सराव रोज वीस मिनिटं.

आणखी एक. 'ले' (बहुवचनी उपपद) आणि 'आमी' (मित्र) एकत्र आले की 'लेझामी' होतं. मुका स पुढच्या स्वरामुळे जागा होतो, आणि तोही झ होऊन. वर्गात याचे नियम पाठ करायला दिले. मला जगत् + ईश = जगदीश आठवलं. पुढे स्वर आला की कठोर व्यंजन मृदू होतं. नववीतल्या संस्कृतच्या बाईंचे मनापासून आभार.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत दहा दिवस अभ्यास झाला नाही. काल विसर्जनाची मिरवणूक. आज शब्दांची उजळणी: १९० पैकी १३१ आठवले.

२५ सप्टेंबर, बुधवार

या सत्रातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहिते.

भूतकाळ. फ्रेंचमध्ये साधा बोलण्यातला भूतकाळ दोन शब्दांचा असतो: 'असणे' किंवा 'जवळ असणे' यांपैकी एक सहायक, आणि पुढे धातुसाधित, म्हणजे 'गेलेला', 'लिहिलेलं' असं धातूपासून बनलेलं रूप. जाणे, येणे, निघणे अशांना 'असणे' लागतं, आणि मग धातुसाधित कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तो गेला, ती गेली. लिहिण्यात एक ई जास्त. इथवर कोणाला अडचण नव्हती.

मग लिहिणे, खाणे, बघणे. यांना 'जवळ असणे' लागतं आणि धातुसाधित बदलत नाही. 'झे एक्री यून लेत्र', मी चिठ्ठी लिहिली. मॅडम पुढे जाता जाता म्हणाल्या, की कर्म आधी आलं तर मात्र धातुसाधित कर्माप्रमाणे बदलतं, पण ते अवघड आहे, पुढच्या वर्षी बघू. मागून कोणीतरी विचारलं, "कर्माप्रमाणे क्रियापद कसं काय बदलेल?"

मी उठले. वर्गात आपणहून पहिल्यांदा बोलले. म्हटलं, मॅडम, मराठीत तसंच बदलतं. मी कागद लिहिला. मी चिठ्ठी लिहिली. मी पत्र लिहिलं. लिहिणारी मीच, पण क्रियापद माझ्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवायला सांगितलं. तिन्ही वाक्यं देवनागरीत लिहिली. त्यांनी शेजारी फ्रेंच लिहिलं: 'ला लेत्र क झे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. आणि इथे स्त्रीलिंगाची खूण कानालाही कळते. 'एक्री'चा मुका त जागा होऊन 'एक्रीत' होतं.

पाचवीत कर्मणी प्रयोग पाठ केला होता: कर्त्याला तृतीया, क्रियापद कर्मानुसारी. पाठ केला आणि विसरले. तो मी दिवसभर बोलते हे कधी मनात आलं नाही.

संध्याकाळी सरांकडे गेले. त्यांनी दोन्हींचं मूळ सांगितलं. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे' अशी रचना होती. तिथे 'लिहिलेली' हे चिठ्ठीचं विशेषण, म्हणून स्त्रीलिंगी. हळूहळू ती रचना भूतकाळ म्हणून रुळली आणि फ्रेंचमध्ये विशेषणाची आठवण तेवढी एका कोपऱ्यात उरली. आपल्याकडे संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्', माझ्याकडून पत्र लिहिलं गेलं. त्यातून 'मी पत्र लिहिलं'. दोन दूरच्या भाषा दोन वाटांनी एकाच जागी आल्या, आणि दोन्हीकडे 'लिहिलेलं' हा शब्द वस्तूशी इमान राखून राहिला.

इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला ही गोष्ट अवघड, पुढच्या वर्षीची. मराठीतून शिकणाऱ्याला ती पहिल्या सत्रात कळू शकते. हे मी ठळक करून ठेवते, कारण पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसताना मला वाटलं होतं की माझं मराठी माध्यम आड येणार.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही. विभागात पेढे. सर म्हणाले, आता कामाला लागा.

फ्रेंचचा सगळ्यात जुना उपलब्ध मजकूर ८४२ सालचा, स्ट्रासबुर्गच्या शपथा. दोन राजांनी एकमेकांच्या सैन्याला कळावं म्हणून लोकांच्या भाषेत घेतलेल्या. रायगड जिल्ह्यातला अक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा. भिंतीवर दोन्ही तारखा लावल्या आहेत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

छोट्या गोष्टी, पण नोंदवायला हव्यात.

'सा म प्ले'. ते मला आवडतं. शब्दाला शब्द तोच क्रम: ते, मला, आवडतं. आवडणारी वस्तू कर्ता, आणि मी 'मला'. इंग्रजीत आवडण्याची क्रिया मी करते. मराठीत आणि इथे ती माझ्यापर्यंत येते.

'त्यू म माँक'. तुझी आठवण येते. पण रचना अशी: तू मला कमी पडतेस. हे वाचून थोडा वेळ वही मिटून बसले. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही.

'ओं'. बोलताना 'आम्ही'च्या ऐवजी सर्रास हाच वापरतात. 'ओं नी व्हा', चला, जाऊ या. आपलं 'आपण' बरंचसं असंच वागतं.

'त्यू' आणि 'व्हू' म्हणजे तू आणि तुम्ही. मॅडमना व्हू, मैत्रिणींना त्यू. आजीला काय? मॅडम म्हणाल्या, आजीला त्यू. आपल्याकडेही आजीला 'तू'च.

'जोडीदार नाही'मध्ये भर: 'जवळ असणे' हे क्रियापद. आपण 'मला भाऊ आहे', 'माझ्याकडे पैसे आहेत' असं फिरवून म्हणतो. तिकडे सरळ एक क्रियापद, आणि वयसुद्धा त्यानेच सांगायचं. 'झे व्हँत-द्यझाँ', माझ्याजवळ बावीस वर्षं आहेत.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. गावी. आजीबरोबर करंज्या मोजल्या. तिने चार ईसा न् तीन सांगितल्या, मी 'कात्र-व्हँ-त्र्वा' म्हटलं. तिने दोनदा म्हणून बघितलं. र घशातून काढताना तिला ठसका लागला, पण 'व्हँ' मात्र माझ्याहून सुरेख म्हणाली. मग शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

ब्लॉक उघडलं. स्कॅनवरून छापून घेतलेली पानं, पहिली वीस आणि शेवटची शब्दसूची.

पहिला अर्धा तास मुखपृष्ठावरच गेला. 'ला फोर्मास्यों द ला लाँग मराट'. ला, स्त्रीलिंगी, कारण या शेवटाची नामं स्त्रीलिंगीच असतात. द, 'चा-ची-चे'. लाँग, भाषा आणि जीभही. मराट. टी-एच लिहिलेलं, पण फ्रेंचमध्ये एच मुका, म्हणून ठ चा ट झाला. जुलैत हे नाव एक अखंड भिंत वाटत होतं. आज त्यातला एकेक शब्द सुटा दिसतो.

लेखकाचं नाव मी नियमाने 'ब्लॉश' वाचलं, सी-एच म्हणजे श. मॅडमनी सुधारलं. या आडनावात तो क आहे.

आधी शब्दसूची घेतली. रोमन अक्षरांत, डोक्यावर आणि पायाशी खुणा लावलेले मराठी शब्द, पुढे संस्कृत, प्राकृत, शेजारच्या भाषांतली रूपं. इथे फ्रेंच कमीच लागते. सात, आठ, वीस. आपलेच शब्द दुसऱ्याच्या हाताने ओळीने मांडलेले. 'भाऊ'पाशी थांबले. भ्राता, मग मधला त गळाला, भाऊ. माता, त गळाला, माय. आणि समासात मी पेन्सिलने लिहिलं: लॅटिन 'फ्रातेर', फ्रेंच 'फ्रेर'. लॅटिन 'मातेर', फ्रेंच 'मेर'. तिथेही तोच त गळाला. हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, लोकांच्या तोंडात भाऊ आणि आई हे शब्द सारखेच झिजले. रोजच्या रोज हाक मारल्याने झिजले असतील, असं मला वाटतं. हे शास्त्र नाही, पण नोंदवून ठेवते.

२० नोव्हेंबर, बुधवार

पहिलं पान, पहिला परिच्छेद. दीड तास. शब्दकोश ४१ वेळा. वाक्यं लांब आहेत, एकात एक गुंतलेली. क्रियापद शोधून आधी अधोरेखित करायचं, मग कर्ता, मग उरलेलं. ही युक्ती ज्ञानेश्वरीच्या ओव्या लावताना शिकलेली, इथेही चालते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं पान वाचून झालं. एकूण पाच बैठकी. मग परांजप्यांचं भाषांतर काढून ताडून पाहिलं. आशय बरोबर लागला होता. दोन ठिकाणी चुकले: एके ठिकाणी 'द्यू' कुणाशी जातं ते कळलं नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी नकाराचा अर्धा भाग नजरेतून सुटला (फ्रेंचमध्ये नकार दोन शब्दांत विभागलेला असतो) आणि वाक्य उलटं लागलं. दोन्ही चुका 'जोडीदार नाही' या रकान्यातल्या. तीन रकान्यांची वही सरांना दिली. मॅडमनी तिची एक प्रत मागितली आहे, पुढच्या वर्षीच्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी.

अंतिम चाचणी: २५ पैकी १९, श्रुतलेखनासह.

पुढच्या सत्रात करायचं: उपपदं, नकार, आणि पुस्तकातला अंकांचा भाग. त्यात आजीचा 'ईसा' आहे का ते शोधायचं. सापडला नाही, तर समासात पेन्सिलने लिहून ठेवायचा.